एका ओवीला एक फेरा

चंद्रमतीच्या उजव्या खांद्यात अठरा वर्षांचं वाटण साठलं होतं. लग्न होऊन ती येसूमंगलमला आली तेव्हा घरात खाणारी नऊ माणसं होती, आणि मागच्या पडवीत तो काळा आट्टुकल्. मधे खळगा पडलेला घडीव दगड, आणि खळग्यात फिरवायला लेकराच्या डोक्याएवढा गुंडा. एक दिवसाआड उडीद-तांदूळ भिजायचे आणि एक दिवसाआड ती दगडापाशी पाट मांडून बसायची. डाव्या हातानं पीठ आत लोटायचं, उजव्यानं गुंडा फिरवायचा. सासू शेजारी बसून ओव्या सांगायची. सासूला अक्षर येत नव्हतं, तमिळचंही नाही आणि मराठीचंही नाही, पण ओव्या मात्र कणगी भरून होत्या. उडदाला साठ, तांदळाला चाळीस. साठावी ओवी संपली की उडीद फुलून काठाशी यायचा, वाकून बघायलाही लागत नसे.

सासू गेली. दीर-नणंदा तंजावूर, मद्रास अशा पांगल्या. ओव्या आणि दुखरा खांदा तेवढे चंद्रमतीकडे राहिले. पाऊसकाळात तो खांदा असा धरायचा की पोलक्याच्या बाहीत हात घालायला लेकीला बोलवावं लागे.

मग गेल्या पोंगलला नवरा रघोजी पापनाशमच्या दुकानातून ग्राइंडर घेऊन आला. बैलगाडीतून, गवतात बसवून, नवरी आणावी तसा. त्या दिवसांत सगळीकडेच काही ना काही येत होतं. कुणाकडे रंगीत टीव्ही, कुणाकडे मिक्सी, नाक्यावर फोनचं काचेचं खोपट. ग्राइंडरच्या पोटातले दगड घर्र फिरायला लागले तेव्हा चंद्रमती कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. हात रिकामे होते, काय करावं कळेना. म्हणून तिनं ओवी धरली.

वाटिते तांदूळ, दगड फिरे गरागरा,
कावेरी ग बाई, कधी येशील आमच्या घरा?

"अम्मा, आता कशाला गातेस? मशीन आहे ना!" अखिला म्हणाली. पंधरा वर्षांची, पापनाशमच्या शाळेत दहावीला.

"गायल्याविना पीठ झालं की नाही ते कसं कळणार गे?"

आणि खरंच, साठाव्या ओवीला उडीद फुलून काठाशी आला.

ते सुख सहा महिने टिकलं. त्या साली कावेरीत पाणी सोडलं नाही. जूनमध्ये यायचं ते जुलै अर्धा झाला तरी नाही. कालव्याच्या फाट्याच्या तळाशी वाळू, वाळूत पोरांचं क्रिकेट. कुरुवैचं, वर्षातलं पहिलं, भात पेरलंच गेलं नाही. भात नाही म्हणून पापनाशमची गिरणी आठवड्यातून तीनच दिवस चालू लागली. रघोजी गिरणीत काट्यावर पोती तोलायचा. त्याचा पगारही तीन दिवसांचा झाला.

आडी महिना, म्हणजे आषाढ, लागला आणि विजेचा माणूस मीटर बघायला आला. दारापुढच्या तिण्ण्यावर, ओट्यावर, खिळ्याला लटकवलेलं पांढरं कार्ड काढून त्यानं आकडा लिहिला आणि पाणी पिऊन गेला. रघोजी गिरणीतून आला, कार्ड हातात घेतलं आणि उभ्याचा खाली बसला.

"चारशे बारा!"

"काय चारशे बारा?" सासरे हनुमंतराव झोपाळ्यावरून म्हणाले.

"युनिट, अप्पा. दोन महिन्यांत. दोनशेच्या वर गेलं की दर वाढतो, चारशेच्या वर आणखी. ह्या घरात काय सिनेमा टॉकीज चाललंय?"

सगळ्यांचे डोळे आपोआप पडवीकडे गेले. घरात नवी आलेली एकच वस्तू तेथे होती, वर चंद्रमतीनं स्वच्छ फडकं घातलेलं.

"जयतीर्थ आचारी विचारत होता," रघोजी हळू म्हणाला. "लग्नाच्या स्वयंपाकाला हवाय त्याला. निम्म्याच्या वर देतो म्हणाला." मग बायकोकडे न बघता, "आट्टुकल् आहेच की आपला."

चंद्रमती ताट वाढत होती. तिनं सांबाराची पळी परत भांड्यात ठेवली.

"आट्टुकल् आहे. खांदा नाही."

"अगे, मी काय हौसेनं..."

"पुढचा आकडा लिहीपर्यंत थांबा. दोन महिने. दोनशेच्या आत आणते. नाही आणला, तर जयतीर्थाला मीच फडक्यात बांधून देते."

हनुमंतराव हसले. "सूनबाई, वीज काय भाजी आहे, निवडून टाकायला?"

"बघू की मामंजी. निवडायला बसलं म्हणजे कळेल."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती मीटरपुढे उभी राहिली. अठरा वर्षं ह्या पेटीखालून ती जात-येत होती, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. काचेआड एक पातळ चक्री आडवी फिरत होती. तिच्या कडेला एक लाल खूण होती. खूण समोर यायची, जायची, पुन्हा यायची. कपाळाला कुंकू लावलेल्या बाईनं देवळाला फेऱ्या घालाव्या तशी.

"सहाशे फेरे झाले की एक युनिट," अखिला काचेवरची बारीक अक्षरं वाचत म्हणाली. "जास्त करंट घेतला की जोरात फिरते. शाळेत आहे आम्हाला."

"जोरात म्हणजे किती? मोजायचं कसं?"

"घड्याळ पाहिजे. सेकंदकाट्याचं."

घरातलं घड्याळ एकच, तेही रघोजीच्या मनगटावर गिरणीत जायचं. चंद्रमतीनं क्षणभर विचार केला. मग पदर खोचला, ग्राइंडर सुरू केला आणि मीटरकडे तोंड करून ओवी म्हटली. दगडावर बसून म्हणायची तशी, ना पुढे ना मागे. ओवी संपली तेव्हा लाल खूण बरोबर एकदा फिरून समोर आली होती.

"एका ओवीला एक फेरा. लिही."

अखिला पोट धरून हसली, पण वहीचं मागचं पान उघडून तिनं लिहिलं. मराठी शब्द, तमिळ अक्षरं. देवनागरी तिला येत नव्हती. मग मायलेकींना चेवच चढला. एकेक वस्तू लावायची, बाकीच्या बंद करायच्या आणि ओवी म्हणायची. टीव्ही लावला तर सहा ओव्या म्हणाव्या तेव्हा कुठे एक फेरा. साठचा बल्ब, पाच ओव्यांना एक. रघोजीची इस्त्री, एका ओवीला अडीच. आणि हनुमंतरावांच्या आंघोळीचं पाणी तापवायची ती बादलीत सोडायची सळई लावली, तशी चक्री अशी सुटली की चंद्रमतीची ओवी मधेच तुटली.

"तीन फेरे!" अखिला ओरडली. "अम्मा, अज्जाच्या आंघोळीत तीन ग्राइंडर!"

झोपाळ्याची कुरकुर थांबली. "काय म्हणतेय ती पोर?"

"काही नाही मामंजी. उद्यापासून तुमचं पाणी सूर्यनारायण तापवील."

आणि तसंच झालं. दुपारी पितळी घंगाळ भरून अंगणात, उन्हात ठेवायचं. संध्याकाळी ते इतकं कढत व्हायचं की विसण घालावं लागे. हनुमंतराव सत्तर वर्षं सकाळी आंघोळ करत आले होते. चार दिवस ते रुसले. पाचव्या दिवशी, "संध्याकाळची आंघोळ झोपेला बरी," असं स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले.

रघोजीची पाळी आली. नेसायच्या पांढऱ्याशुभ्र वेष्टीला रोज इस्त्री, हा त्याचा एकच षोक. चंद्रमतीनं वेष्टी दमट असतानाच नीट घडी घालून चटईखाली ठेवली, रात्रभर त्याच्याच पाठीखाली. सकाळी घडी कशी करकरीत निघाली होती! तो खुशीत गिरणीत गेला आणि संध्याकाळी तोंड पाडून आला.

"काय झालं?"

"हमाल म्हणतात, अण्णा, कोठल्या दुकानची डिझाइन? मागं सगळी चटई उठलीय, बघ."

त्यानं पाठ वळवली. वेष्टीवर चटईच्या काड्या रांगेनं उमटल्या होत्या, आणि मधोमध चटईवरचं कमळ. अखिला तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. चंद्रमतीनं हसू गिळलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं मधे जुनी चादर घातली.

साठचे बल्ब गेले, चाळीसचे आले. छपरात काचेचं एक कौल होतं, त्यावर किती वर्षांची काजळी आणि चिंचेचा पाला बसला होता. शिडी लावून तिनं ते राखेनं घासलं. सैंपाकघरात दुपारचा बल्ब लावावा लागे, तिथं आता उन्हाचा चौकोन उतरला. तो चुलीवरून सरकत सरकत दोनला कोनाड्यात जायचा, आणि तो कोनाड्यात गेला की चहा टाकायचा, असं ठरूनच गेलं.

सगळं ठीक चाललं होतं. फक्त एक गणित जमत नव्हतं.

पहाटे ग्राइंडर लावला तर एका ओवीला एक फेरा. पण एक दिवस उशीर झाला, दहा वाजता लावला, तर एका ओवीला जवळजवळ तीन.

"तू ओवी लांबवलीस अम्मा."

"ओवी लांबत नाही. खांद्यात बसलीय ती."

तिनं ग्राइंडर बंद केला. पंखे बंद केले, टीव्हीचा खटका, बल्ब, सगळे खटके वर. घर गप्प झालं. मीटरपुढे उभी राहून तिनं ओवी म्हटली. चक्री दोन फेरे फिरली. सगळं बंद, आणि दोन फेरे. एखाद्या घरात कुणी नसताना आतून भांडी वाजावी, तसं झालं.

"अखिला, आपल्या घरात आणखी कोणीतरी जेवतंय."

ती अंगणात आली आणि मान वर केली. छपराच्या टोकाशी एक काळी तार होती. इतकी जुनी की रोज दिसून दिसेनाशी झालेली. कावळे तिच्यावर बसायचे. तार छपरावरून निघून पुंगाच्या झाडाच्या फांदीतून थेट समोरच्या मारुतीच्या देवळात जात होती.

ती तार म्हणजे ह्या घराचा मान होता. तंजावूरच्या मराठी राजांच्या वेळी ह्या घराला जमीन मिळाली ती मारुतीपुढे दिवा लावण्यासाठी. जमीन कधीच गेली, दिवा राहिला. हनुमंतरावांचा बाप रोज दिवेलागणीला तेलाचा तांब्या घेऊन जायचा. गावात वीज आली तेव्हा हनुमंतरावांनी तेलाच्या जागी तार ओढून दिली. गावात कुणीही विचारावं, मारुतीला उजेड कुणाचा? हनुमंतरावांचा.

आणि मारुतीची तर त्या साली फार ख्याती झाली होती. सगळं शिवार करपलं, नदीत वाळू, पण देवळामागची कनकांबरमची, म्हणजे अबोलीची, बाग हिरवीगार. केशरी फुलांनी लवलेली. समोरची अलमेलु रोज एक गजरा आणून चंद्रमतीच्या केसात माळायची. "पाहिलंस अक्का? नदी देईना ते मारुती देतो." हनुमंतराव तर तिण्ण्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "कृपा आहे. आमच्या घराण्याचा दिवा आहे तेथे."

चंद्रमती तारेखालून चालत देवळात गेली. गाभाऱ्याचं दार लावलेलं. बाहेर ओसरीवर पुजारी सेतुमाधव पंचा पसरून गाढ झोपलेले, आणि त्यांच्या उशाशी टेबलफॅन मान हलवत होता. होय-नाही, होय-नाही.

"मामा."

सेतुमाधव दचकून उठले. "कोण? सूनबाई? ये ये. देव आता विश्रांती घेतोय."

"पंखा कुणाला मामा?"

"देवाला की! ह्या उकाड्यात चंदनाचा लेप ओला राहतो."

"देव आत आहे. दार लावलंय."

"वारा जातो की फटीतून," सेतुमाधव म्हणाले, आणि स्वतःच ओशाळे होऊन पंच्याचं टोक चाळवायला लागले.

तेवढ्यात तिला मागून बारीक घूं ऐकू आलं. ती देवळाला वळसा घालून गेली. विहिरीच्या काठावर पालथी घातलेली मोठी टोपली होती. तिनं टोपली उचलली. खाली एक छोटी मोटर, भुंग्यासारखी गुणगुणत, आणि नळीतून पाण्याची स्वच्छ धार अबोलीच्या आळ्यात पडत होती.

चंद्रमतीचा हात आपोआप केसांकडे गेला. गजरा अजून ताजा होता.

"रोज किती वेळ मामा?"

"दहा ते दोन. कधी तीन." म्हातारा खालमानेनं उभा होता. हाडं मोजून घ्यावीत असं अंग, खांद्यावर पाणी ओढण्याच्या जुन्या दोराचा घट्टा. "माझ्यानं आता ओढवत नाही गे. कंबर गेली. फुलं देवाला घालतो, उरली तर पापनाशमच्या फुलवालीला देतो, त्यात तांदूळ येतो. पण चोरी नाही हो सूनबाई! हनुमंत अण्णांना विचारून केलंय. पंखा विचारला, घे म्हणाले. दोन ट्यूब विचारल्या, घे म्हणाले. मोटर विचारली, घे की म्हणाले. एकदाही नाही म्हणाले नाहीत."

ते कसं म्हणतील? मानाच्या घरानं नाही म्हणायचं नसतं. चंद्रमतीला सासरे डोळ्यांपुढे दिसले, झोपाळ्यावर, हात वर करून, घे की. प्रत्येक घे की सरशी ही चक्री थोडी थोडी जोरात धावू लागली होती, आणि आज ती धावत धावत तिच्या ग्राइंडरवर येऊन पडली होती.

घरी येताना तिनं दोन गोष्टी ठरवल्या. देवाची तार तोडायची नाही. आणि म्हाताऱ्या दोघांचं तोंड खाली होईल असं चारचौघांत काही बोलायचं नाही. पण मग काय करायचं ते मात्र ठरेना.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेल्यावर तिनं मीटरखाली स्टूल ठेवलं.

"मामंजी, जरा बसता येथे? मी जाऊन येते. ही चक्री थांबली की मोठ्यानं हाक मारा."

"घरात काय लागलंय?"

"काही नाही. सगळं बंद आहे."

"मग ही कशी फिरते?"

"तेच बघायचंय."

हनुमंतराव चष्मा सारखा करून बसले. चंद्रमती देवळात गेली. सेतुमाधवांना तिनं सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी पंखा बंद केला, तिनं मोटरीचा खटका ओढला. मग रस्त्याच्या पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला, नंदीबैलवाल्यासारखा खणखणीत:

"थांबली!"

तिनं खटका पुन्हा दाबला.

"फिरली!" मग, "सूनबाई, थांबली!" मग, "अगे, फिरली!"

ती परत आली तेव्हा हनुमंतराव स्टुलावरच होते. हात गुडघ्यांवर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"मोटर," ते म्हणाले.

"होय मामंजी."

"मी त्याला मोटर दिली होती. करंट दिला असं कोठे म्हणालो?"

चंद्रमतीनं ओठ घट्ट मिटले. म्हाताऱ्याच्याही मिशा हलल्या. हसू होतं की काय होतं, कळलं नाही.

"आणि मी गावभर सांगत सुटलो, कृपा, कृपा."

"कृपाच आहे की. फक्त आपल्या मीटरवरून येते."

त्या दिवशी ते संध्याकाळच्या आंघोळीला उठले नाहीत. घंगाळातलं पाणी निवून गेलं. दुसऱ्या दिवशीही झोपाळा गप्प. रघोजी म्हणाला, "तार काढून टाकतो, भानगड नको." चंद्रमती म्हणाली, "थांबा. अप्पांचा दिवा आहे तो. त्यांना ठरवू द्या."

तिसऱ्या दिवशी आडीची अठरावी आली. त्या दिवशी कावेरीला पूर येतो, बायका काठावर जातात, पाण्यात फुलं सोडतात, हळदीचा दोरा बांधतात, चिंचेचा भात, दहीभात खातात. त्या साली काठ होता, पाणी नव्हतं. बायकांनी ठरवलं, मारुतीच्या विहिरीचीच पूजा करू. दुपार कलल्यावर डबे आणि फुलांच्या परड्या घेऊन अवघी आळी देवळामागे जमली. त्या दिवसापासून मोटर बंद होती. दोन दिवसांत अबोलीनं माना टाकल्या होत्या.

"अय्यो!" अलमेलु ओरडली. "मारुती रागावला!"

सेतुमाधव खांबाला टेकून उभे होते, चेहरा राखेसारखा. चंद्रमतीच्या मनात आलं, आता कुणी विचारलं तर?

तेवढ्यात हनुमंतराव आले. वेष्टी कमरेला खोचलेली, अंग उघडं, एका हातात पितळेचा तेलाचा तांब्या. दुसऱ्या खांद्यावर नव्या काथ्याचा दोर.

"कोणी रागावलं नाही," ते म्हणाले. "चूक माझी. माझ्या बापाचा नेम होता, एक दिवा, दार लागेपर्यंत. तेवढंच. मी मोठेपणा करून देवाला ट्यूबा लावल्या, पंखा लावला, मोटर लावली. देवाला सवय लागली आणि गावाला विहिरीचा विसर पडला. आजपासून देवाला एक बारीक बल्ब आणि बापाचा दिवा. आणि ज्याला फूल पाहिजे, त्यानं पाच घागरी ओढायच्या."

"कृपेचं काय मग अण्णा?" मागून कुणीतरी विचारलं.

"कृपा आहेच. पण तिला दोर लागतो!" म्हातारा दोर रहाटावर टाकत म्हणाला, आणि पहिली घागर त्यानं स्वतः ओढली. दुसऱ्या घागरीला दम लागला, तेव्हा सेतुमाधवांनी पुढे होऊन दोराचं टोक धरलं. दोघं म्हातारे एकमेकांकडे न बघता एकाच दोराला लागले. कंबर गेलेला एक आणि गुडघे गेलेला एक. बायकांना हसू आवरेना.

"सरा सरा मामा, दोघं मिळून विहिरीत जाल!" अलमेलुनं दोर हिसकून घेतला.

मग रांगच लागली. रघोजीसुद्धा कमळाची वेष्टी गुडघ्यावर बांधून आला. "अण्णा, डिझाइन भिजेल!" बायका ओरडल्या. त्या दिवशी अबोलीच्या आळ्यांत इतकं पाणी पडलं की चिखलात कुणाची तरी चप्पल राहिली. फुलांचा हिशेब पुढे सरळ झाला. पाच घागरींना एक गजरा, आणि उरलेली फुलं आधीसारखी सेतुमाधवांच्या तांदळाला. चंद्रमती खांद्यामुळे घागर ओढू शकत नव्हती. तिनं दिव्याचं काम घेतलं. दिवेलागणीला तेलाची वात पेटवताना तिला सासूची एक ओवी आठवली, किती वर्षांनी.

मारुतीच्या दारी, दिवा एक, वात एक,
उजेडात त्याच्या, मला ओळखू ये लेक.

ट्यूबच्या पांढऱ्या झगझगाटात मारुतीचा चेहरा सपाट दिसायचा. आता वातीबरोबर त्याचे डोळे हलत होते.

सप्टेंबरचा मध्य आला. नदीला अखेर पाणी आलं होतं, गढूळ आणि उशिरा, पण आलं होतं. विजेचा माणूस तिण्ण्यावर चढला, मीटर पाहिलं, कार्ड पाहिलं, पुन्हा मीटर पाहिलं. बोटानं काचेवर टिचकी मारली.

"एकशे ब्याऐंशी," तो तमिळमध्ये म्हणाला.

आत रघोजीनं हातातला पेला खाली ठेवला. चंद्रमती दारात उभी होती, तिच्या ओठांवर हसू यायला लागलं आणि अर्ध्यावरच थांबलं, कारण तो माणूस कपाळाला आठ्या घालून पुढे म्हणत होता, "गेल्या वेळी चारशे बारा. असं कसं? मीटर अडकलंय तुमचं. कुणी हात लावलाय का? मला वर लिहून द्यावं लागेल."

"हात कोणी लावला नाही," रघोजी घाबरून पुढे आला.

"सगळे असंच म्हणतात, सार."

चक्री खरंच जवळजवळ थांबली होती. सकाळची वेळ, घरात काहीच लागलेलं नाही. लाल खूण कुठंतरी मागे, दिसेना. दोन महिने राखलेलं सगळं ह्या एका माणसाच्या लेखणीच्या टोकाशी येऊन टेकलं होतं. वर लिहून गेलं की चौकशी, नवं मीटर, दंड, आणि मग जयतीर्थ आचारी.

"जरा थांबा अण्णा," चंद्रमती म्हणाली. "घड्याळ आहे ना हातात? ते बघू नका. चक्रीकडे बघा."

ती पडवीत गेली. ग्राइंडरवरचं फडकं काढलं. उडीद भिजलेलाच होता. तिनं खटका दाबला, दगड घर्र फिरू लागले. मग ती दारात येऊन उभी राहिली. परक्या माणसापुढे, नवऱ्यापुढे, सासऱ्यापुढे. एरवी तिचा आवाज पडवीच्या बाहेर कधी गेला नव्हता. तिनं पदर खोचला आणि म्हटलं:

"एका ओवीला एक फेरा. कमी नाही, जास्त नाही. मोजा."

ओवी ती तिथंच जुळवत होती. कुठून येत होती तिलाच ठाऊक नव्हतं.

चक्रीच्या कपाळी, लाल कुंकवाचा टिळा,
फिरुनी येई घरी, जशी लेक सणावेळा.

शेवटचा शब्द ओठांवर असतानाच लाल खूण काचेसमोर आली. विजेच्या माणसानं बोटानंच खूण केली, पुन्हा. तिनं दुसरी ओवी म्हटली. खूण पुन्हा आली. तिसऱ्या ओवीला झोपाळ्यावरून हनुमंतरावांनी ताल धरला. चौथ्या ओवीला त्या माणसाचं डोकं आपोआप डोलत होतं. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता.

"ओडुदु," तो शेवटी म्हणाला. "फिरतंय." आणि कार्डावर सही करून त्यानं ते खिळ्याला लटकवलं.

तो पायऱ्या उतरून कधीचाच गेला तरी रघोजी तिण्ण्यावर कार्ड हातात धरून उभाच होता. एकशे ब्याऐंशी, एकशे ब्याऐंशी, असं पुटपुटत. मग आत येऊन म्हणाला, "जयतीर्थाला काय सांगू?"

चंद्रमतीचे ओठ हलत होते. ती बोट वर करून, थांबा अशी खूण करत, ग्राइंडरपाशी उभी होती. चौपन्न ओव्या झाल्या होत्या की पंचावन्न, हे तिला ठरवायचं होतं, आणि उडीद आता काठाशी येतच होता.